इंटरकूलरवर बोरचं पाणी

वैजनाथच्या जीपला माहूरचा घाट काही चढेना, आणि वैजनाथच्या डोक्यातून तो घाट काही उतरेना.

मागच्या चैत्रात लोह्याहून दहा माणसं भरून निघाला होता. चढ लागला आणि गाडीचा दमच गेला. पाय पार तळापर्यंत दाबला तरी गाडी आपली म्हशीसारखी डुलत चाललेली. शेवटी सगळ्यांना खाली उतरवावं लागलं, आणि त्या सगळ्यांत त्याची माय, रुक्मिणबाईसुद्धा. गुडघे धरत धरत दोन वळणं चढली बिचारी. एका शब्दानं बोलली नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर वैजनाथला बरं वाटलं असतं! त्या दिवशी देवळापुढं त्यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "माय, पुढच्या वर्षी ओटी भरायला येशील तवा तुला घाटात गाडीतनं खाली पाय ठेवू देणार न्हाई." आता ते पुढचं वर्ष तीन दिवसांवर आलं होतं. मंगळवारी निघायचं होतं.

रोग काय ते नांदेडच्या शेषेराव मिस्त्रीनं तेव्हाच सांगितलं होतं. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबली की हवा तापते, आणि तापलेल्या हवेनं इंजिनाला ताकद मिळत नाही. म्हणून मधे इंटरकूलर, समोरच्या जाळीमागची ती ॲल्युमिनियमची, म्हणजे जर्मलची, चपटी पेटी. तिला बाहेरून वारा लागला की आतली हवा गार होते.

"उन्हाळ्यात, घाटात, पहिल्या गिअरवर वारा कुठून लागंल?" मिस्त्री म्हणाला. "पंखा बसवून घे."

पंखा म्हणे! वैजनाथनं मोबाईलवर बघितलं होतं, परदेशात गाड्यांच्या इंटरकूलरवर पाणी फवारतात. मग याला कशाला पंखा पटतोय? शेतीच्या दुकानातून त्यानं बारीक फवारा मारणारे फॉगर आणले, फवारणीच्या पंपाची मोटार काढली, सीटखाली वीस लिटरचा कॅन ठेवला आणि त्यात भरलं बोरचं पाणी. पहिल्या दिवशी कंधारकडचा चढ गाडीनं असा मारला की पठ्ठ्या एकटाच मोठ्यानं ओरडला. गावभर सांगत सुटला.

पण दिवाळीनंतर गाडी परत रडायला लागली. यानं पाणी वाढवलं. गाडी अजून रडली. यानं अजून पाणी वाढवलं. डिझेल फिल्टर बदलला, पाइप बदलले, मिस्त्रीला फोनवर नाही नाही ते बोलला. आणि आज शनिवारी, त्याच कंधारच्या चढावर, भुसा भरलेला एक खटारा टेम्पो हॉर्न वाजवत त्याला मागं टाकून गेला. वैजनाथच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दारात येऊन त्यानं बॉनेटवर असा हात आपटला की आतून बायको सत्यशीला धावत आली.

मागून रुक्मिणबाई आली. त्यानं जाळी काढली होती. तिनं चष्मा लावून आत बघितलं.

"ह्यावर पांढरं काय बसलंय रे?"

"धूळ हाय, माय."

"धूळ न्हाई. खार हाय हा. पाणी तापवायच्या हंड्याला बसतो तसा." तिनं नखानं खरवडलं. पापुद्रा निघाला. "म्या दिवाळीतच म्हणलं होतं, बोरचं पाणी घालू नगस, जारचं घाल. तू म्हणलास, माय, तुला गाडीतलं काय कळतंय."

म्हणला होता खरा. वैजनाथनं वाकून बघितलं तर पत्र्याच्या पातळ पातळ पात्यांमधल्या फटी पार लिंपून गेलेल्या. वारा जायला सुईएवढी जागा नव्हती. म्हणजे सहा महिने हा शहाणा स्वतःच्या हातानं गाडीचा गळा आवळून राहिला होता! राग आला तो मिस्त्रीचा नाही, टेम्पोचा नाही, आणि ज्याचा आला त्याला मारताही येईना.

"चिंचंचं पाणी घाल," माय म्हणाली. "दोन दिवस भिजू दे. सुटतंय सगळं. घाई करू नगस."

ती चिंच भिजवायला आत गेली. दोन दिवस! मंगळवार तोंडावर, आणि दोन दिवस चिंच कुरवाळत बसायचं? वैजनाथची नजर न्हाणीघरापाशी गेली. फरशी धुवायच्या तेजाबाची बाटली कोपऱ्यात होती. त्यानं ती सरळ इंटरकूलरवर उपडी केली.

काय फेस आला! खार बघता बघता विरघळला, खालून चकचकीत पत्रा दिसायला लागला.

"माय, ये, बघ! दहा मिनिटात साफ!"

वास आला तशी रुक्मिणबाई हातातलं पातेलं घेऊनच बाहेर आली. "जर्मलवर तेजाब? आरं, जर्मलला तेजाब खातंय!"

त्यानं धावत पाणी ओतलं. गाडी चालू केली, रेस दिली. कोपऱ्यातून फुस्स आवाज आला. एक छिद्र, बारीक. त्यावर बोट दाबलं तर पत्रा पापडासारखा आत गेला.

शेषेराव फोनवर सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "नवा मागवायला लागंल. आठ दिवस."

"वेल्डिंग?"

"वेल्डिंग कशाला करू? पत्रा ठेवलास का काही?"

वैजनाथनं फोन ठेवला आणि गाडीला लाथ घातली. अंगठा सुजला तेवढाच फायदा.

मंगळवारी सकाळी रुक्मिणबाई नवं लुगडं नेसून, ओटीची पिशवी घेऊन एसटी स्टँडकडं चालायला लागली. गाडीचं नाव काढलं नाही. वैजनाथ लंगडत मागून निघाला. नांदेडला गाडी बदलून माहूरच्या एसटीत बसले, तर कंडक्टर नेमका गावचा रामलिंग.

"काय वैजनाथ शेठ!" तो सगळ्या एसटीला ऐकू जाईल असं बोलला. "तुमची जीप कुठं गेली? पाण्यावर चालती म्हणत होता ना?"

मागच्या बाकावर कोणीतरी खिदळलं. वैजनाथला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"जीप दारात हाय," रुक्मिणबाई म्हणाली. "म्याच म्हणलं, यंदा एसटीनं चल. गाडी चालवताना त्याला माझ्याशी बोलायला कुठं फुरसत असती? एक फुल, एक हाफ दे."

रामलिंगनं तिकिटं फाडली आणि पुढं गेला. वैजनाथ मायकडं सरकून बसला. वर्षभर चढ, हवा, पाणी याच्यापायी जीव काढला होता, आणि त्या वर्षभरात मायशेजारी असा एकदाही बसला नव्हता.

"माय," तो शेवटी म्हणाला, "गुडघे कसे हायत आता?"

"हायत," ती म्हणाली, आणि पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. "धर नीट. नारळ हाय त्यात."