विमानातला काळा कपडा

मी कॅमेऱ्यावर घालायचा काळा कपडा बोलतोय. भित्रा म्हणाल तर आहेच मी. डोंबिवलीच्या एका शिंप्याने मला शिवलं, तेव्हा वाटलेलं, एखाद्या फोटो स्टुडिओत सावलीत आयुष्य जाईल. नेऊन बसवलं ते थेट विमानात!

समुद्रातल्या तेलविहिरींवरून आमचं छोटं विमान फिरायचं. पाण्यावर कुठे तेल सांडलंय का ते बघायचं आणि फोटो काढायचे, एवढंच काम. कॅमेरा सांभाळायचा बाळकुमचा गुणाजी कोळी. त्याच्या वडिलांची, धाकूनाखवांची होडी खाली दिसली की पायलट गंमत म्हणून विमानाचे पंख हलवायचे. खालून नाखवा हात हलवायचे. मी मात्र डोळे मिटून कॅमेऱ्याला बिलगून असायचो.

नव्वद सालची गोष्ट. तेलाचा लांबच लांब पट्टा पसरलेला, आणि नाखवांची होडी नेमकी त्याच्याकडेच निघालेली. होडीवर चूल पेटलेली, धूर वरूनही दिसत होता. तेलाने पेट घेतला असता तर कोणीच वाचलं नसतं. पायलटनी विमान खाली आणून पंख हलवले, पुन्हा हलवले. नाखवांना वाटलं, पोरगा नेहमीसारखाच भेटून चाललाय. त्यांनी हसून हात हलवला.

गुणाजीने कॅमेरा सोडला. त्याने मला ओढलं, माझ्यावर खडूने 'चूल विझवा' लिहिलं, वजनाला पाण्याची अर्धी भरलेली बाटली बांधली आणि खिडकीतून सोडून दिलं.

मी किंचाळलो, पण ऐकतंय कोण? पडलो तो होडीच्या पुढे, तेलाच्या कडेला. नाखवांनी बांबूने ओढून वर घेतलं तोवर खडू धुऊन गेलेला आणि मी तेलाने निथळत होतो. कपडा गुणाजीचाच असणार, वाळवून ठेवू, असं म्हणत त्यांचा खलाशी नाथा मला घेऊन चुलीकडे निघाला. धग लागायला लागली. इतका मी जन्मात घाबरलो नव्हतो.

तेवढ्यात नाखवांनी स्वतःचा तळहात हुंगला.

"नाथा, मागं ये. आदी चूल इझव."

चूल विझली, होडी वळली, माणसं वाचली.

आता मी नाखवांच्याच घरी खुंटीवर असतो. कितीदा धुतलं तरी माझा वास जात नाही. वीज गेली की गुणाजीची आई, गोदाबाई, दिवा लावून नेमका माझ्या खालच्या फळीवर ठेवते. तिचं माणूस माझ्यामुळे घरी आलं, म्हणून माझ्यापुढे हात जोडते. ज्योत वर येते आणि माझा जीव खालीवर होतो. बाई, हात नका जोडू, मीच तुमच्या पाया पडतो. तेवढा दिवा जरा लांब ठेवा.