टेस्टरकाकांचा डबा

गल्लीत त्यांना सगळे टेस्टरकाका म्हणत. चाळीस वर्षं कारखान्यात वायरमन होते, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असायचा. "आधी टेस्टर, मग हात," हे त्यांचं वाक्य शेजारच्या कार्ट्यांनाही पाठ होतं. काका दिसले की ती तेच ओरडत पळायची. निवृत्त झाले तरी टेस्टर काही खिशातून हलला नाही.

दुसरी खोड म्हणजे वायरी जपायच्या. मेलेल्या मिक्सरची असो, नाहीतर कुणी जिन्याखाली टाकून दिलेली, वायर दिसली की गुंडाळायची, पट्टीने बांधायची, वर चिठ्ठी चिकटवायची आणि पत्र्याच्या डब्यात ठेवायची. "माणसाला एक वेळ टाकावं, वायर टाकू नये," असं त्यांचं म्हणणं. बायको होती तेव्हा म्हणायची, "मी गेले की मलाही गुंडाळून चिठ्ठी लावा." ती गेली, आणि घरात काका, मुलगी आणि तो डबा एवढेच उरले.

मुलगी कॉम्प्युटरवर अजून न बांधलेल्या इमारतींच्या फिल्म बनवायची. काका तिच्या खोलीत डोकावले, स्क्रू पिळू का, धूळ पुसू का विचारलं, की उत्तर ठरलेलं. "बाबा, राहू द्या." वाईट मनाने म्हणायची नाही ती. पण ज्या माणसाने अख्ख्या कारखान्याचे दिवे लावले त्याला स्वतःच्या घरात रोज 'राहू द्या' ऐकावं लागलं तर ते झोंबतंच.

दोन दिवसांपूर्वी तिच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड मेलं. मेलं तेही नको त्या वेळी. आज संध्याकाळी पाचच्या आत तिला एका मोठ्या ऑफिसात परीक्षेची फिल्म पाठवायची होती. पसंत पडली तर कायमची नोकरी. फिल्म जुळवून तयार होती, पण कॉम्प्युटरमधून ती पुरती बाहेर पडायला तीन तास लागणार होते, आणि कार्डाशिवाय ते होणार नव्हतं.

सकाळी तिने नवं कार्ड आणलं, खाचेत बसवलं, स्क्रू आवळले, बटण दाबलं. कार्डाचे पंखे हलले नाहीत. पडद्यावर एकच ओळ उमटली, कार्डाला वीज जोडा. जुनं कार्ड खाचेतूनच वीज घ्यायचं; या नव्या धटिंगणाला पॉवर सप्लायपासून, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या पेटीपासून, निघालेली वेगळी वायर हवी होती.

"बाबा," ती दारात येऊन म्हणाली, "दोन महिन्यांपूर्वी नवा सप्लाय आणला ना, त्यातल्या उरलेल्या वायरी तुम्ही उचलल्या होत्या. आहेत का?"

आहेत का! काका उठले ते विशीतल्या पोरासारखे. डबा उघडला, हात घातला, आणि पहिल्याच झटक्याला 'कॉम्प्युटर, जाड' अशी चिठ्ठी लावलेली काळी वायर वर आली. ती त्यांनी बक्षीस दिल्यासारखी तिच्या हातात ठेवली.

"नव्याचीच आहे ना? जुन्या सप्लायच्याही तुम्ही ठेवल्यात."

"अगं, चाळीस वर्षं वायरी ओळखतोय मी."

खरं तर त्या क्षणी काकांचीही खात्री नव्हती. हात आपोआप खिशाकडे गेला होता. पण तपासायचं म्हणजे शंका आहे हे कबूल करायचं, आणि मग ती म्हणणार, बाबा, राहू द्या. त्यांनी हात खाली घेतला. वायर दोन्ही टोकांना चपखल बसली, तेव्हा त्यांना हायसं वाटलं. बसली म्हणजे जुळली, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

तिने बटण दाबलं. आतून टक् असा आवाज आला, पंखे पाव फेरा फिरले आणि सगळं गप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. वायर काढली तर मशीन सुरू होई आणि तीच ओळ दाखवी; वायर लावली की टक्.

"बाबा, वायर तर चुकीची नाही ना?"

"वायर ठणठणीत आहे," काका म्हणाले. "मालच खराब असणार. हल्लीचा माल म्हणजे काय विचारू नकोस."

तिने घड्याळ पाहिलं, कार्ड आणि ती वायर पिशवीत भरली आणि दुकानात धावली.

ती गेल्यावर काकांनी डबा पुन्हा उघडला. या खेपेला चष्मा लावला. तळाशी पारदर्शक पिशवीत एक काळी वायर होती. पिशवीवर नव्या सप्लायच्या कंपनीचा शिक्का, आणि त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी: 'कॉम्प्युटर, जाड, नवी'.

म्हणजे मघाशी दिलेली वायर जुन्या सप्लायची होती. आपण कार्ड जाळलं. पोरीची नोकरी जाळली, वर दुकानदाराच्या नावाने खडे फोडले. आता कार्ड गेलंच आहे, मग या वायरीचा उपयोग काय? ती इथे सापडली तर मात्र आपलंच अक्षर आपल्याविरुद्ध साक्ष देईल. खाली कचऱ्याची गाडी भोंगा वाजवत आली होती. काकांनी पिशवी भाजीच्या देठांत खुपसली, बादली घेऊन जिना उतरले आणि आयुष्यात पहिल्यांदा एक वायर फेकून दिली. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ते तिथेच उभे राहिले. लाज वाटत होती आणि सुटल्यासारखंही वाटत होतं.

बारा वाजता फोन आला. मुलगी इतकी आनंदात होती की आधी शब्दच कळेनात.

"बाबा, कार्ड वाचलंय! काही झालेलं नाही त्याला. ती वायर जुन्या सप्लायची होती. टोकं सारखीच असतात, आतली जोडणी वेगळी असते. दुकानदार म्हणाला, सप्लाय शहाणा निघाला, स्वतःच बंद पडला. आता फक्त नव्या सप्लायची वायर हवी. इथे ती नाहीये, मागवली तर परवा येईल. पण आपल्याकडे आहेच ना डब्यात! मी निघालेय. एकला सुरू केलं तरी चारला फिल्म हातात."

अजूनही खरं सांगता आलं असतं. गाडी गावाबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगाकडे जात असेल, रिक्षा केली असती, गाडीवरच्या माणसांचे पाय धरले असते.

"तशी वायर दिसत नाही गं डब्यात," ते म्हणाले. "खोक्यातून आलीच नसेल."

"आली होती, मीच दिली होती तुमच्याकडे," ती हसत म्हणाली. "मघाशी मी उगाच शंका घेतली, रागावू नका हं. आणि नीट बघा. तुम्ही कधी एक तरी वायर टाकलीय का? असणारच ती."

"बघतो," काका म्हणाले. फोन तसाच चालू ठेवून त्यांनी डबा फरशीवर उपडा केला, आणि तिला ऐकू जाईल असा खडखडाट करत एकेक वायर चाळू लागले.