आठ दिवसांचे पाणी

पूर्णा नदीच्या काठी, नांदुऱ्याच्या ठेसणापासून दोन कोसांवर, माणखेड नावाचे गाव आहे. या गावी सरकारने एके काळी नावा बांधण्याचा कारखाना काढला होता, असे आज कोणास सांगितले तर तो सांगणाराच्या तोंडाकडे पाहत राहतो. समुद्र दीडशे कोस दूर, नदीस आठ महिने गुडघाभर पाणी, तेथे नावांचे प्रयोजन काय? परंतु विलायतेत महायुद्ध पेटले होते आणि त्याची झळ इराकात बसऱ्याकडील नद्यांपर्यंत गेली होती. तेथे फौजेस सपाट बुडाच्या नावा हव्या होत्या. सातपुड्यात साग होता, नांदुऱ्यास आगगाडी होती, माणखेडच्या पायथ्याशी बारमाही डोह होता. नागपुरात कोणा अधिकाऱ्याने नकाशावर बोट ठेवले, आणि त्या बोटाखाली माणखेड सापडले.

त्या बोटाखालीच गावचा सुतार इंद्रभान हाही सापडला.

इंद्रभान हा गाडीचा सुतार होता. त्याने घडविलेली गाडी मोताळ्यापासून पिंपळगाव राजाच्या बाजारापर्यंत लोक नुसत्या चाकाच्या आवाजावरून ओळखीत. साग तोडून आणल्यावर दोन उन्हाळे सावलीत वाळविल्यावाचून तो त्यास वाकस, म्हणजे तासणी, लावीत नसे. गाडी पुरी झाली की तिला जवसाचे तेल पाजायचे, गेरूने रंगवायची, नारळ फोडायचा, आणि कोरी-करकरीत अशी धन्याच्या दारी उभी करायची, ही त्याच्या घरची सात पिढ्यांची रीत. त्याचा बाप म्हणत असे, "वल्लं लाकूड देणारा सुतार अन् कच्ची भाकर वाढणारी बाई, या दोघायचं सकाळी तोंड पाहू नये." हे वचन इंद्रभानाने कानात नव्हे, हाडात साठविले होते.

कारखाना निघाला तेव्हा सरकारी कारकून वामनराव यांनी दवंडी पिटविली. हे गृहस्थ पुण्याकडून नोकरीनिमित्त आलेले, सदा छत्री उघडी धरून चालणारे. सुतारास दरमहा रोख पगार. मात्र कारखान्याच्या सुताराने गावकाम करता कामा नये, अशी अट. इंद्रभानाने रात्र तळमळून काढली नाही. दुसऱ्या दिवशी तो चावडीवर गेला आणि पाटील हिंमतराव यांच्यापुढे सुपारी ठेवून म्हणाला,

"पाटील, माह्यं बलुतं मी सोडून राह्यलो. गावानं दुसरा सुतार पाहावा."

हिंमतराव पान चघळीत होते. त्यांनी सुपारीकडे पाहिले, हात मात्र लावला नाही.

"काऊन बे? गावाच्या जवारीत खडे निघाले काय?"

"खडे नाई निघाले. पन आता मी सरकारचा सुतार झालो."

"सरकार!" हिंमतरावांनी पिंक टाकली. "इंद्रभान, वखर मोडला का मी तुह्या दारात येतो, अन् तुह्यं पोट रितं झालं का तू माह्या खळ्यावर येतो. हे सरकार कोनाच्या खळ्यावर बसते, सांग बरं? सुपारी उचल. उद्या पुन्हा ठेवाले आला तं मंग पाहू."

"ठेवलेली सुपारी उचलत नाई, पाटील."

लोक हसले. इंद्रभान ताठ मानेने घरी आला. बलुते म्हणजे केवळ धान्य नव्हे, ते गावातले माणसाचे ठाण आहे, ही गोष्ट त्यास ठाऊक नव्हती असे नाही. परंतु ज्याचे पोट भरलेले असते त्यास शहाणपण जड वाटते.

पुढील दोन वर्षे माणखेडचे भाग्य असे उजळले की विचारता सोय नाही. डोहाच्या काठी टिनाची तीन लांबलचक छपरे उठली. सकाळी घंटा होई आणि सत्तर माणसे कामावर उभी राहत. चहाचे दुकान आले. ज्या गावाने चहा केवळ तापावरचा काढा म्हणून ऐकला होता, त्या गावात म्हातारे घंटेसरशी कपबशी घेऊन बसू लागले. इंद्रभानाची बायको सोजराबाई हिने नागपुरी काठाचे लुगडे घेतले, आणि विहिरीवर ती घागर भरण्यास दुप्पट वेळ लावू लागली.

नावा बांधण्याची विद्या शिकविण्यास रत्नागिरीकडून धाकू मिस्त्री नावाचा एक म्हातारा आणला होता. बुटका, काळा, दात पडलेला. पण फळीस फळी अशी भिडवी की मध्ये नख जाऊ नये. दोन फळ्यांच्या सांध्यात तो राळेत बुडविलेला कापूस ठोकून भरी. वऱ्हाडचा कापूस हाताळून तो म्हणे, "एवढ्या कापसात आमच्या बंदरातल्या सगळ्या होड्या भरून निघतील रे!" इंद्रभानावर त्याचा जीव जडला. वर्षाच्या आत इंद्रभान त्याचा उजवा हात झाला.

एका गोष्टीत मात्र दोघांचे कधी जमले नाही. नाव पुरी झाली की धाकू मिस्त्री तिला डोहात लोटी, तिच्यात धोंडे भरी, आणि काठापर्यंत बुडवून आठ दिवस तशीच ठेवी. लोटताना नारळही सोडी. आठ दिवसांनी बाहेर काढलेली नाव चिखलाने माखलेली, शेवाळाने हिरवी, अशी दिसे. तशीच ती ओल्या गोणपाटात गुंडाळून आगगाडीवर चढे. ते पाहून इंद्रभान म्हणे,

"मिस्त्री, नवी नवरी उकिरड्यात लोळवून सासरी धाडता, अशी गोष्ट झाली ही."

"नवरी नव्हे, होडी आहे ती," म्हातारा म्हणे. "तिला तहानलेली ठेवू नको रे इंद्रभाना. तहानलेली होडी स्वतःच पाणी पिते."

इंद्रभान मनात हसे. त्याने त्या आठ दिवसांचा अर्थ आपल्या समजुतीने लाविला होता. नारळ सोडणे आणि नाव बुडविणे ही दोन्ही त्यास एकच वाटली: दर्यावरच्या माणसाने पाण्याच्या देवास दाखविलेला नैवेद्य. आपण नाही का गाडीपुढे नारळ फोडीत? ज्याचा देव त्याला प्यारा.

युद्ध संपले त्याच कार्तिकात मानमोडीचा ताप आला आणि घरोघरची माणसे घेऊन गेला. धाकू मिस्त्री टिनाच्या छपराखाली तीन दिवस पडून होता. इंद्रभान उशाशी बसलेला. म्हाताऱ्याच्या तोंडून शेवटचे जे समजण्यासारखे शब्द आले ते "आठ दिवस" एवढेच होते. इंद्रभानास वाटले, आपल्याला आठ दिवस मिळावेत असे तो यमाजवळ मागतो आहे. तो रडला, आणि पूर्णेच्या काठी त्याला पोचवून आला.

मग वामनरावांनी इंद्रभानास मिस्त्री नेमले. परंतु लढाईच संपली, तेव्हा नावा कोणास हव्या? फाल्गुनापर्यंत सत्तरांचे वीस कामकरी उरले. चहावाला आपली किटली घेऊन निघून गेला. एवढ्यात वामनराव एक कागद फडकावीत आले.

"इंद्रभान, वैशाखात नागपूरहून साहेब येणार. आपल्या दहा नावा शिल्लक आहेत ना? त्या पसंत पडल्या तर वऱ्हाडातल्या सगळ्या नद्यांच्या उतारांवर माणसे पलीकडे नेणाऱ्या नावा इथेच बांधायच्या असा विचार आहे. कारखाना कायम! नाही पडल्या, तर कुलूप. समजलास?"

इंद्रभान समजला. त्याची सुपारी चावडीवरून कधीच उचलली गेली होती; मोताळ्याचा भगवान सुतार माणखेडचे बलुते खात होता. कुलूप पडले तर इंद्रभानास मागे जाण्यास वाट नव्हती.

दहाही नावा त्या वेळी मिस्त्रीच्या रिवाजाने डोहात धोंडे भरून बुडविलेल्या होत्या. वामनराव काठावर छत्री घेऊन उभे राहिले आणि त्यांनी नाक मुरडले.

"ही काय रे घाण? हे साहेबांना दाखवायचे?"

बस्स, इंद्रभानाच्या मनात जे दोन वर्षे दबून होते त्यास वाचा फुटली. धाकू मिस्त्रीच्या नावा दूर देशी जात, म्हणून तो नैवेद्य असेल. येथे तर डोह वीस पावलांवर. साहेबापुढे ओले, शेवाळलेले लाकूड उभे करायचे? बाप वरून काय म्हणेल? त्याने दहाही नावा बाहेर काढविल्या. वैशाखाच्या उन्हात त्या बारा दिवस वाळविल्या. घासल्या, जवसाचे तेल पाजले, गेरूने रंगविल्या, कडेस चुन्याची नक्षी काढली. सोजराबाईने प्रत्येकीस हळदकुंकू लाविले. ती म्हणाली,

"कशा देखण्या दिसून राह्यल्या वो! जशा काई लग्नाच्या गाड्या."

"आता पाह्य," इंद्रभान म्हणाला, "साहेब आपल्या हातानं कारखान्याले टिळा लावते."

साहेब आला. उंच, लाल, घामाने निथळलेला. सारे गाव लोटले होते. हिंमतराव पाटील फेटा बांधून पुढे बसले होते. साहेबाने रांगेवरून एकदा नजर फिरविली, मान डोलावली. इंद्रभानाचा ऊर भरून आला. मग साहेबाने काठीने तीन नावा दाखविल्या: या पाण्यात टाका, प्रत्येकीत दहा माणसे बसवा.

नारळ फुटला. नावा डोहात गेल्या. पाच-सहा हात गेल्या नाहीत तोच पहिल्या नावेतील माणसे पाय वर घेऊ लागली. सांध्यासांध्यातून पाणी कारंज्यासारखे उसळले. उन्हाने आकसलेल्या फळ्यांमधून राळेचा कापूस सुटून पांढऱ्या अळ्यांसारखा तरंगू लागला. दुसरी कलली. तिसरीतले लोक उड्या टाकून ओरडत काठास आले. पाणी छातीएवढेच होते, म्हणून कोणी मेले नाही. आणि कोणी मेले नाही, म्हणून सारे गाव हसले.

साहेब रागावला नाही. तो वामनरावांस इंग्रजीत काही बोलला आणि हसला. वामनरावांचे तोंड पांढरे पडले.

"काय म्हनते साहेब?" इंद्रभानाने विचारले.

"साहेब म्हणतात, गाड्या चांगल्या झाल्या आहेत."

तेव्हा कोठे इंद्रभानाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उशापाशी ऐकलेले "आठ दिवस" त्यास आता समजले. तो ओल्या धोतराने साहेबापुढे आडवा झाला.

"मायबाप, आठ दिवस द्या! आठ दिवस पान्यात राहू द्या यायले, फळ्या फुगून सांधे बसतीन, मंग पाहा. एक थेंब आत आला तं माह्यी मान कापा! वामनराव, सांगा ना साहेबाले! माह्या हातून चुकलं, मिस्त्रीनं मले सांगतलं होतं!"

वामनरावांनी त्यास बाजूस ओढले. "वेडा आहेस? बुडालेली नाव पुन्हा बुडवून ठेवतो, म्हणजे ती तरेल, हे मी साहेबांना इंग्रजीत सांगू? माझी बदली व्हायची आहे."

ते वाक्य साहेबापर्यंत कधी पोचलेच नाही. ज्येष्ठ लागण्यापूर्वी छपरे उतरली आणि घंटा नांदुऱ्यास गेली. वामनरावांची बदली झाली, असे म्हणतात की बढतीवर. नावांचा लिलाव झाला. कोणी फळ्या काढून दारे केली, कोणी नाव पालथी घालून कडब्यावर झाकली. साहेबापुढे गळलेल्या तिघींपैकी एक नाव हिंमतराव पाटलांनी घेतली.

आषाढात इंद्रभान चावडीवर गेला. आज हाती सुपारी नव्हती.

"ये बे, सरकारच्या सुतारा!" हिंमतराव म्हणाले. "काऊन आला?"

"पाटील, वखराची, तिफनीची कामं असतीन..."

"ते भगवानचं बलुतं हाय. त्याच्या तोंडचा घास काढून तुले देऊ काय? तुह्यी जबान होती ना, ठेवलेली सुपारी उचलत नाई म्हनून?" पाटलांनी पान लावायला घेतले. ते दुष्ट नव्हते. परंतु बरोबर ठरलेल्या माणसास दयाळू होणे फार कठीण जाते. "एक काम हाय. ते तुह्यी नाव माह्या कोठ्यात पडेल हाय. वरच्या दोन फळ्या काप, अन् बैलायले पानी प्याची डोनी करून दे. पायलीभर जवारी देतो."

इंद्रभान गेला. ही त्याने बांधलेली शेवटची नाव होती. चुन्याची नक्षी अजून पुसली नव्हती. त्याने करवत लाविली. नक्षी वरच्या फळीवर होती, ती भुशात गेली. डोणी तयार झाली, गड्याने विहिरीच्या चार घागरी ओतल्या, आणि चोहोबाजूंनी पाणी गळून बैलांच्या कोठ्यात चिखल झाला.

हिंमतराव मांडीवर थाप मारून हसले. "साहेबापुढं गळली, बैलापुढंही गळली! इमानदार हाय बाप्पा तुह्यी नाव!"

"आठ दिवस रोज भरू द्या, पाटील. पानी मी आनतो."

"आन. तुह्ये खांदे, तुह्यं पानी."

आठ दिवस इंद्रभान आणि सोजराबाई पाणी वाहत होती. पहिल्या दिवशी चाळीस घागरी लागल्या, तिसऱ्या दिवशी बावीस. सोजराबाईचे नागपुरी काठ चिखलाने भरले. पाचव्या दिवशी सहा घागरी पुरल्या. आठव्या दिवशी पहाटे इंद्रभान कोठ्यात गेला तेव्हा रात्री भरलेले पाणी काठाशी जसेच्या तसे होते. तो गुडघ्यावर बसला आणि त्याने नावेच्या बुडाखाली हात घातला. रात्री त्याने खाली पसरलेली राख कोरडी होती. त्याने पुन्हा चाचपून पाहिले. बोटांना कोरडी राख लागली.

हिंमतराव मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनीही वाकून पाहिले.

"अबे, हे तं थेंबभर गळत नाई! मंग त्या दिवशी साहेबापुढं काऊन गळली?"

इंद्रभानाने हात धोतरास पुसला. सांगण्यासारखे पुष्कळ होते. धाकू मिस्त्रीचे, बापाच्या वचनाचे, वामनरावांच्या न बोललेल्या इंग्रजीचे. पण ते ऐकून पाटलांनी काय करावे? छपरे पुन्हा चढणार नव्हती, आणि भगवानाच्या दारी भरलेली कणगी रिती होणार नव्हती.

"त्या दिवशी तहानेल होती, पाटील," तो म्हणाला.

गड्याने बैल सोडले. ढवळ्या पुढे आला, त्याने नावेत तोंड घातले आणि डोळे मिटून संथपणे पाणी पिऊ लागला. सोजराबाईने ज्वारी पदरात घेतली. पायली होती की थोडी कमी, हे दोघांपैकी कोणी पाहिले नाही.