शेवटच्या माणसाला पटेपर्यंत

वेनिंगने फोन बिस्किटांच्या डब्याला टेकवून उभा केला, मागे सरकून नीट दिसतंय का ते पाहिलं आणि आजोबांच्या हातातला तळलेल्या टेंपेचा, आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचा, तुकडा काढून बशीत ठेवला.

"बैठकीत खायचं नाही."

"असं पुस्तकात लिहिलंय?"

"एन्डांगबाईंनी सांगितलंय."

कासिरानने बोटं लुंगीला पुसली. दुसरीच्या नागरिकशास्त्राचा गृहपाठ होता: घरात बैठक भरवा, प्रत्येकाचं मत लिहा, मग निर्णय लिहा. हात वर करून मतं मोजायची नाहीत, शेवटच्या माणसाला पटेपर्यंत बसायचं, असं बाईंनी बजावलं होतं. कोंबड्यांना दाणे कुणी टाकायचे, असलाच काहीतरी विषय असेल, या समजुतीने त्याने रविवारची दुपार नातीला दिली होती.

वेनिंगने वही उघडली. "विषय. आईने तैवानमध्ये आणखी तीन वर्षं राहावं का."

"अगं बाई!" पुर्वान्ती मावशी हसली. "हिनं तर थेट संसदच भरवली."

"तो विषय संपलाय," कासिरान म्हणाला. "मंगळवारी तिची नव्या करारावर सही आहे."

"कुणी बसून ठरवलं?"

ठरलं त्या दिवशी फोनवर कासिरानच बोलत होता. मागच्या दोन खोल्यांच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर राहिलंय, एवढं त्याने सांगितलं होतं. पलीकडून त्याची मुलगी, वेनिंगची आई सुमियाती "हं" म्हणाली होती.

आत्ता ती पडद्यावर एका बागेतल्या बाकावर बसली होती. शेजारी चाकांच्या खुर्चीत तिचा मालक, ऐंशीच्या पुढचा. बोलता बोलता ती त्याची हनुवटी रुमालाने टिपत होती.

"हजर," वेनिंग लिहू लागली. "आजोबा, मावशी, मी, आई." वडिलांचं नाव तिने घेतलं नाही. ते दूर कालिमान्तानला तेलमाडांच्या मळ्यात कामाला गेले ते तिकडचेच झाले, हे ती शाळेतही सहज सांगे.

"आजोबा, तुमचं मत?"

"राहावं."

"मावशी?"

"ताई राहिली तर घर पुरं होईल. राहावं." मावशी फोनकडे न बघता म्हणाली.

आता पोरगी रडणार, हे कासिरानने गृहीतच धरलं होतं. तिला कोपऱ्यावरून बर्फाचा गोळा आणून द्यायचा, इथपर्यंत त्याने मनात ठरवलं होतं. चार वर्षांपूर्वी, बसच्या दाराशी, तीन वर्षांच्या वेनिंगला आईपासून त्यानेच सोडवलं होतं. त्या वेळी तिने त्याच्या दंडाला चावा घेतला होता.

"माझं मत," वेनिंग म्हणाली, आणि बोलत बोलतच लिहीत गेली, "राहावं. मला आता सवय झालीय."

मावशीने मान खाली घातली. कासिरानने सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. त्याऐवजी त्याने कॉफीचा पेला उचलला आणि तो रिकामा आहे हे पाहून परत ठेवला.

"झालं तर मग. सगळ्यांचं एकमत. लिही निर्णय."

"आईचं राहिलंय."

"तिचं काय विचारायचं? ती हो म्हणालीय."

"मी ऐकलं नाही." वेनिंग फोनकडे वळली. "आई, तुझं मत? मोठ्याने सांग, मला लिहायचंय."

सुमियातीने म्हाताऱ्याच्या गुडघ्यांवरचं पांघरूण सारखं केलं. मग दुसऱ्यांदा तेच केलं.

"मला मान्य नाही," ती म्हणाली.

"काय मान्य नाही?" कासिरानने विचारलं.

"राहणं. मला सवय नाही झाली, बाबा."

वेनिंगने ते शब्दाला शब्द उतरवून घेतलं. अक्षर वेडंवाकडं आलं. मग तिने बाईंच्या सुरात, पण जरा घाईने जाहीर केलं, "एकाला पटलं नाही की पुन्हा पहिल्यापासून. आजोबा, तुमचं मत?"

अंगणात कोंबडी उगाच ओरडत होती. वेनिंगची पेन्सिल कागदाला टेकून थांबली होती.

"जरा थांब," कासिरान म्हणाला. "आधी तिचं सगळं ऐकू दे."

पलीकडे तिने रुमालाची घडी घातली आणि फोन जवळ ओढला. कुठून सुरुवात करावी ते सुमियातीला कळत नसावं. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.