हा कर

लेक संध्याकाळी शिकवणीहून आली की दारातच मी म्हणायचो, "हा कर." ती माझ्या तोंडासमोर हा करायची, मी वास घेऊन मान हलवायचो आणि मगच तिला आत सोडायचो. माझा थोरला भाऊ दारूपायी गेला. त्याने सुरुवात केली पंधराव्या वर्षी आणि घरात कुणाला पत्ताच नव्हता. म्हणून लेकीला पंधरावं लागलं तसा मी हा नेम धरला. बायको म्हणायची, अहो, पोलीससुद्धा इतकं तपासत नाहीत. मी म्हणायचो, पोलिसांना रात्री झोप लागते, मला लागत नाही.

माझा धंदा लाकडाला पॉलिश करण्याचा. खाली कारखाना, वर बिऱ्हाड. थिनर आणि वार्निशचे डबे जिन्यापर्यंत लावलेले. नवा माणूस आला की आधी नाकाला रुमाल लावतो. मला मात्र काही म्हणजे काही जाणवत नाही, आणि मूर्खासारखी त्याचीही मी ऐट मिरवायचो.

गेल्या आठवड्यात धाकटी बहीण राहायला आली. दुसऱ्या संध्याकाळी लेकीने हा केलं, मी मान हलवली. मागे उभी असलेली बहीण हळूच म्हणाली, "दादा, हिच्या तोंडाला थिनरचा वास येतोय."

मी तिच्यावरच उखडलो. या घरात भिंतींनाही थिनरचा वास येतो, म्हटलं. ती वाद घालत बसली नाही. मला डोळे मिटायला लावून तिने एकामागून एक दोन फडकी माझ्या नाकाशी धरली आणि थिनरचं कुठलं, असं विचारलं. मी ठासून म्हणालो, पहिलं. पहिलं धुऊन वाळवलेलं होतं.

मग मला खालचे डबे आठवले. दोन महिने थिनर लवकर संपत होतं आणि झाकणं सैल आहेत म्हणून मी दुकानदाराशी भांडत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

लेकीच्या उशीखाली कारखान्यातलं फडकं निघालं. कधीपासून, एवढंच विचारलं. ती म्हणाली, सहामाहीच्या आधीपासून. आधी हुंगलं की डोकं शांत व्हायचं, आता वहीवर अक्षरं हलतात, हात थरथरतात.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "बाबा, तुम्ही रोज वास घ्यायचात. मला रोज वाटायचं, आज पकडतील आणि मी सुटेन. तुम्ही मान हलवायचात."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, वेळेत आणलंत, उपचार होतील, पण डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. वेळेत म्हणजे किती वेळेत, हे विचारायची माझी छाती झाली नाही. डब्यांच्या खोलीला कुलूप लागलं. किल्ली बायको कमरेला खोचते.

काल संध्याकाळी लेक दारात आली, थांबली आणि सवयीने तिने तोंड उघडलं. मी म्हणालो, "नको. बस इथे. दिवस कसा गेला ते सांग."

ती बसली. खाली गिऱ्हाईक हाका मारत होतं, पण मी उठलो नाही.