पद्मा उर्फ साधना
बटण दाबायला असा किती वेळ लागतो? पण तेवढ्यात शिवशंकरनं जे करून ठेवलं होतं, ते दोन आठवडे त्याला आतून खात होतं. जेवण गोड लागत नव्हतं.

तो वसमतच्या एका बँकेत परदेशी पैशाचं टेबल सांभाळायचा. पूर्वी आखातातून पैसे यायला आठ-आठ दिवस जायचे. आता नवी पद्धत आली होती. पैसे निघायच्या आधीच तिकडची बँक इकडे विचारायची, खातं याच माणसाचं आहे ना? फसवणूक टळावी म्हणून. पद्धत चांगलीच होती, उगाच तिला कशाला बोल लावा?

तर दोन आठवड्यांमागं, घरी निघायच्या वेळेला, मस्कतहून असाच प्रश्न आला. मुन्ना नावाचा एक जण बहिणीला पैसे पाठवत होता. त्यानं नाव लिहिलं होतं पद्मा, आणि खातं होतं साधनाचं. ही एकच व्यक्ती आहे का? होय की नाही?

आता हे शिवशंकरला कोणी सांगायला पाहिजे होतं का? सिद्धेश्वर धरणाजवळच्या गावात तो आणि पद्मा एकाच शाळेत शिकले. तिच्या लग्नात त्यानं पंगतीत बुंदी वाढली. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘साधना’ लिहिलं, तेव्हा हा गडी मागं उभा राहून वाचत होता. सासरी, कुरुंद्याला, ती साधना झाली, भावाला मात्र पद्माच राहिली.

पण ‘होय’ म्हटलं की कागद जोडा, सही करा, मॅनेजरला दाखवा. मागच्या महिन्यात अशाच एका ‘होय’पायी त्यानं बोलणी खाल्ली होती. ‘नाही’ला कोणी काही विचारत नाही. त्यानं ‘नाही’ दाबलं. बॅग खांद्याला लावेपर्यंत उत्तर मस्कतला पोचलं होतं. तिचा नंबर मोबाइलमध्ये होता. उद्या फोन करू म्हणाला, आणि केला नाही.

तिकडं मुन्नाच्या डोक्यात भलतंच शिरलं. कोणाचं खातं दिलंस म्हणून तो फोनवर बहिणीला वाट्टेल ते बोलला आणि पैसे थांबवले. ते निस्तरेपर्यंत फी भरायची मुदत टळली आणि साधनाच्या लेकीची, प्रियंकाची, नर्सिंगची जागा हातची गेली.

आणि आज साधना शपथपत्र घेऊन त्याच्यासमोर उभी होती. पद्मा आणि साधना ही एकच बाई, असं त्यात लिहिलेलं.

“शिवादादा, ॲडमिशनची शेवटची फेरी शुक्रवारी हाय,” ती म्हणाली. “लग्नाआधीपासून वळखणाऱ्याची सही पाहिजे म्हनले वकील. इथं माहेरचं तुमच्याबिगर कोन हाय मला?”

बँकेत सगळे त्याला साहेब म्हणायचे, दादा म्हणणारी ही एकटीच. हा कागद मॅनेजरकडं जाणार, आणि तिथं त्याचं ‘नाही’ त्याच्या नावासकट नोंदलेलं होतं. बँकेच्या माणसाला सही करता येत नाही, असं सांगितलं असतं तर तिनं मुकाट ऐकलं असतं. तसं ओठावर आलंही होतं.

“मशीनला काय ठाव, बाईचं नाव बदलतं म्हनून,” ती म्हणाली. “तुमाला इचारलं असतं तर असं झालंच नसतं.”

त्याला स्वतःची शरम वाटली. त्यानं पेन उघडून सही केली. कधीपासून ओळखता, या रकान्यात लिहिलं : शाळेपासून, दोन्ही नावांनी.

“मलाच इचारलं होतं, पद्मा,” तो म्हणाला.

तिनं विचारलं, “मंग न्हाई काहून म्हनलात?”

“घरी जायची वेळ झाली होती.”

तिनं कागद आपल्याकडं ओढला, त्यानं लिहिलेली ओळ सावकाश वाचली आणि पुन्हा त्याच्यापुढं सरकवला.

“शुक्रवारच्या आत व्हईल का, साहेब?”

“व्हईल,” शिवशंकर म्हणाला, आणि कागद घेऊन स्वतःच मॅनेजरच्या केबिनकडं निघाला.