भिकाजीचा कोरा बिल्ला

भिकाजीला सदऱ्याचं वरचं बटण काही केल्या लावता येईना. डाव्या हाताची पहिली दोन बोटं गेले चार महिने नीट वाकत नव्हती. कातडी तडकलेली, नखांवर उभ्या रेघा, आणि मधल्या बोटाच्या टोकाला एक जखम, जी सुकायचं नावच घेत नव्हती.

"आणा हकडे," असं म्हणून त्याच्या बायकोने, तुळसाने, बटण लावून दिलं. "आज डाक्टराक बोटां दाखवा. ती मुंबयची बाई पण आसा. दोघांका दाखवा."

"दाखवलंय तर उद्यापासून माका मशीनीवर उभो करतले?"

"नाय करूक तर नाय. हात ऱ्हवाक व्हयो मा?"

भिकाजीने टोपी डोक्यावर ठेवली. मशीन गेलं तर तो कोण? केसपेपर वाटणारा एक शिपाई. मालवणच्या त्या लहानशा हॉस्पिटलात, मुंबईकरांच्या वर्गणीतून आलेलं एक्सरेचं यंत्र तो अकरा वर्षं सांभाळत होता. बाजारात लोक त्याला 'फोटोवालो भिकाजी' म्हणून हाक मारत आणि हे ऐकायला तो कधीकधी मुद्दाम लांबच्या वाटेने घरी जाई.

शिवाय आजचा दिवस त्याच्या कौतुकाचा होता, आणि म्हणूनच त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. चार वर्षांपूर्वी मुंबईच्या एका प्रयोगशाळेने नवं संशोधन हाती घेतलं होतं. एक्सरेपाशी काम करणाऱ्या माणसाच्या अंगात किती किरण जातात, आणि अंगाला ते किती सोसतात, हे त्यांना मोजायचं होतं. दर महिन्याला टपालाने एक बिल्ला यायचा. छातीवर टाचायचा, महिना संपला की परत पाठवायचा. त्याच्या आत बोटभर फिल्म असे. जितके किरण, तितकी ती काळी. बाकीच्या हॉस्पिटलांतल्या फिल्म करड्या निघत, कुठे चांगल्याच काळ्या. भिकाजीची दर महिन्याला कोरी. अहवाल आला की डॉक्टर सगळ्यांसमोर तो वाचत आणि म्हणत, "शिका जरा भिकाजीकडून."

विमलाबाई त्याच प्रयोगशाळेतून त्याचं काम बघायला आल्या होत्या. आदल्या दिवशी बोटीतून उतरल्या तेव्हा बोट लागल्याने त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण किरण मोजायच्या उपकरणाची लाकडी पेटी त्यांनी हमालाच्या हाती दिली नव्हती. भिकाजीला ते फार आवडलं. यंत्राची कदर असलेला माणूस त्याला लगेच कळायचा.

"चाळीस हॉस्पिटलं पाहतोय आम्ही," एक्सरेच्या खोलीत त्या म्हणाल्या. "तुमची फिल्म सगळ्यांत स्वच्छ. आणि लहान मुलांना तुम्ही नुसत्या हातांनी धरता?"

"धरावंच लागतं, बाई. मूल हललं की फोटो फुकट," भिकाजी कचेरीतल्या शुद्ध मराठीत म्हणाला. डावा हात त्याने खिशात घातला होता.

"किरण अडवणारे शिशाचे हातमोजे मागितले होते," डॉक्टर म्हणाले. "हॉस्पिटल चालवणाऱ्या संस्थेने नाही म्हटलं. बिल्ल्यात काही येत नाही, तर खर्च कशाला?"

"त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही," विमलाबाई म्हणाल्या. "हे कोरे बिल्ले खरे ठरले तर मला तसंच लिहावं लागेल. नीट काम केलं तर नुसत्या हातांनी मुलं धरायला हरकत नाही म्हणून. म्हणून तर डोळ्यांनी बघायला आले. दाखवा तुमची पद्धत."

बाहेर दांडीच्या किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्या एका रापणकराची चार वर्षांची मुलगी आईच्या मांडीवर खोकत बसली होती. नर्स सुगंधा तिला उचलून आत घेऊन आली. सुगंधा मिठबावची, बावीस वर्षांची. गेले तीन महिने मुलांना तीच धरत होती. 'तू पण शिकान घे' असं सांगून भिकाजीने तिला पुढे केलं होतं. बोटं दुखतात हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. सुगंधाला बिल्ला नव्हता.

सुगंधाने मुलीला फिल्म लावलेल्या फळीसमोर उभं केलं. भिकाजीने छातीवरचा बिल्ला काढला, कोपऱ्यातल्या शिशाच्या पेटीचं झाकण उघडलं, कोऱ्या फिल्मच्या पुडक्यांवर बिल्ला अलगद ठेवला आणि झाकण लावलं.

"थांबा," विमलाबाई म्हणाल्या. "बिल्ला कुठे ठेवलात?"

"पेटीत."

"का?"

"आता मशीन चालू होणार ना. बाहेर राहिला तर आतली फिल्म खराब होईल." अकरा वर्षांत त्याच्या हातून एकही फिल्म धुरकटली नव्हती. हे धंद्यातलं पहिलं शिक्षण, ते या बाईंना सांगावं लागावं याचं त्याला नवल वाटलं.

"दर वेळी ठेवता? चार वर्षं?"

"एकदाही विसरलो नाही."

विमलाबाई स्टुलावर बसल्या. डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. कोणी हसलं असतं तर भिकाजीला बरं वाटलं असतं.

"भिकाजी," त्या हळूच म्हणाल्या, "ती फिल्म खराब व्हावी म्हणूनच दिली होती. तुमच्या अंगावर जेवढं पडतं तेवढं तिच्यावर पडावं म्हणून."

त्याला कळलं, आणि कळल्यावर कानांच्या पाळ्या तापल्या. चार वर्षांचं कौतुक एका झाकणाखाली गेलं.

"जाऊ दे," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून नीट लावील. माणूस तर ठणठणीत आहे."

"काही त्रास होत नाही ना?" विमलाबाईंनी विचारलं.

नाही म्हणायचं, बस्स. एवढंच राहिलं होतं. भिकाजीने समोर पाहिलं. सुगंधा मुलीचे दंड धरून फळीपाशी तयार उभी होती, दहाही बोटं उघडी, बटण दाबलं जायची वाट बघत.

"सुगंधा, सोड तेका," तो म्हणाला. "भायर जा तू."

"कित्या वो?"

"जा म्हणतंय ना. चेडवाक घेवन जा."

ती गेल्यावर त्याने खिशातला हात काढून टेबलावर ठेवला. विमलाबाईंनी बोटांना स्पर्श न करता ती खूप वेळ पाहिली. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "उद्यापासून तुम्ही केसपेपरच्या खिडकीवर बसा." ते रागाने बोलले नाहीत.

विमलाबाईंनी मुलाच्या जागी एक वाकळ गुंडाळून फळीसमोर उभी करायला लावली. "मुलाला कसं धरता ते दाखवा."

त्याने दाखवलं. बोटं होती तिथे त्यांनी खडूने खूण केली, खुणेवर आपलं उपकरण ठेवलं आणि सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं. डॉक्टरांनी बाहेरचं बटण दाबलं. यंत्र घुमलं. त्या आत जाऊन आकडा बघून आल्या आणि वहीत लिहू लागल्या. असं पाच वेळा झालं.

"आकडा बराच आहे?" भिकाजीने विचारलं.

"आहे. संस्थेला हातमोज्यांसाठी मी आजच लिहिते. तोवर हॉस्पिटलातल्या कोणीच मुलं धरायची नाहीत. ज्याचं मूल, त्याने एकदा धरायचं, एप्रन घालून. तुमचे जुने आकडे मला खोडावे लागतील."

"खोडा," तो म्हणाला. "आणि सुगंधाचे तीन महिने धरा हिशेबात. मी तिला पुढे केली होती."

फोटो अजून राहिलाच होता. मुलीच्या आईला शिशाचा जड एप्रन चढवला. त्याच्या ओझ्याने ती वाकली.

"माका जमाचा नाय वो," ती आतून म्हणाली. "कसा धरू?"

भिकाजी बाहेरून बोलला, "दंडाक धर गो. दाबू नको. तेका कळाक व्हया तू आसस ता, तितक्याच. आता दोगांयनी श्वास धरा."

डॉक्टरांनी बटण दाबलं. मुलीचं खोकणं थांबलं होतं. भिकाजी बंद दाराकडे तोंड करून उभा होता, दोन्ही हात पुढे, मध्ये एका लहान मुलाएवढी जागा ठेवून. यंत्र थांबल्यावरही त्याने ते थोडा वेळ खाली घेतले नाहीत.